बंद घरांचा तालुका आणि बावीस जणांची ग्रामसभा

१ मे रोजी आमच्या गावची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. गाव मंडणगड तालुक्यातलं, सावित्रीच्या खाडीला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे जे लिहितोय ते शेजारच्या दहा गावांनाही तसंच लागू आहे. कायद्याप्रमाणे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असावे लागतात. तेवढे आले नाहीत. आठवड्याने तहकूब सभा भरली, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या सभेला आम्ही बावीस जण होतो. मी मोजले, धंद्याची सवय. बावीसपैकी आमच्या मोहल्ल्यातले तीन. एक जमातीचे जुने सेक्रेटरी, एक दुकानदार ज्यांना फक्त रस्त्यावरच्या दिव्याबद्दल विचारायचं होतं, आणि मी. माझं मतदार यादीतलं नाव पुण्यात आहे, म्हणजे मी त्या सभेचा सभासदही नव्हतो. मागच्या बाकावर बसू दिलं, एवढंच.

चाळीस मिनिटांत वर्षाचा आराखडा मंजूर झाला. वित्त आयोगाच्या पैशातून कुठे गटार, कुठे पाखाडी, कुठे पाण्याची टाकी हे सगळं वाचून दाखवलं गेलं. आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरीचा गाळ काढायचं काम त्यात नव्हतं. उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ होतं, बायका खालच्या वाडीतून हंडे आणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सभा संपल्यावर मी ग्रामसेवकांना विचारलं, हे काम का नाही? ते शांतपणे म्हणाले, "कुणी मागितलंच नाही." पुण्याला परतल्यावर मी ई-ग्रामस्वराजवर जाऊन मागच्या वर्षांचे आराखडे उघडले. खरंच, कुणी मागितलं नव्हतं. ज्या वर्षी कुणी विहीर मागितली नाही त्याच वर्षी जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुवेत, जुबैल, केप टाऊन, मुंब्रा आणि मीरा रोडहून मशिदीच्या ग्रॅनाइटसाठी आणि एसीसाठी लाखांनी रक्कम जमली होती. मीही पाच हजार दिले होते, स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये आहे.

दोस्तांनो, या अंकात मी कुठल्याही मोठ्या वादावर लिहिणार नाही. एका कोपऱ्यातल्या तालुक्याच्या पोटापाण्याबद्दल लिहिणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं आडनाव तिथून आलं आहे, आणि आपण तिथे राहत नाही.

आधी जिल्हा. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजार ७७७ होती, २०११ साली १६ लाख १५ हजार ६९. देश वाढत होता, महाराष्ट्र वाढत होता, आणि हा जिल्हा दहा वर्षांत जवळपास पाच टक्क्यांनी आटला. राज्यात असं आणखी फक्त सिंधुदुर्गात आणि मुंबई शहर जिल्ह्यात झालं. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वाधिक. हा आकडा कुणी मुलींच्या सन्मानाचा पुरावा म्हणून सांगू लागला की मला हसू येतं. आपल्याकडे मुली जास्त जन्मतात असं नाही, पुरुष निघून जातात. नऊ तालुक्यांत मंडणगड सगळ्यात लहान, सुमारे ६२ हजार वस्तीचा. कोकण रेल्वे १९९८ पासून धावते, पण ती खेडवरून जाते. मंडणगड, दापोली, गुहागर या तीन किनारी तालुक्यांना तिने शिवलेलंही नाही. जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर. आमच्या गावातून रत्नागिरीला कचेरीच्या कामासाठी जाणं म्हणजे मुक्कामाची पिशवी भरणं. मुंबईची एसटी मात्र संध्याकाळी सुटते आणि पहाटे पोचवते. म्हणून आमचं शहर मुंबईच राहिलं.

हा प्रदेश नेहमीच असा कोपऱ्यात नव्हता, हे सांगायला हवं. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानातून परत निघाला तो दाभोळहून. तिथली शाही मशीद आजही धक्क्याजवळ उभी आहे, आणि तिथून जवळच धोपाव्याची फेरीबोट गाड्या भरून पलीकडे नेते. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी १७५५ साली घेतला, पुणं ताब्यात यायच्या कितीतरी आधी. रस्ता समुद्र होता तोवर आपण मधोमध होतो. रस्ता जमिनीवर आला आणि आपण टोकाला गेलो. खाड्यांनी जोडलेली गावं खाड्यांनीच तोडली गेली. वेसवी ते बागमांडला हे अंतर पाण्यावरून काही मिनिटांचं. फेरीबोट चुकली तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून लांबचा वळसा. मध्यंतरी तो पूलही दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा तिथेही बोटीतून गाड्या न्याव्या लागल्या. बाणकोट खाडीवर नवा पूल बांधायला घेतला, तो वर्षानुवर्षं अर्धवट खांबांवर उभा राहिला. बॅरिस्टर अंतुले म्हसळ्याच्या आंबेतचे, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठाचे. १९८० साली ते मुख्यमंत्री झाले, त्यांच्याच काळात १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. आपल्या घरांत त्यांचा फोटो अजून असतो. त्यांच्या नावाने अभिमान बाळगणाऱ्या किती जणांना आपल्या गावच्या सरपंचाचं नाव माहीत आहे, हे मी एकदा आमच्या ग्रुपवर विचारलं होतं. उत्तरं आली नाहीत, दोन-चार हसरे चेहरे आले.

जमीन कातळाची, पाऊस भरपूर, शेत तुकड्यांचं. भात चार-सहा महिने पुरायचं. म्हणून माणूस बाहेर जायचा. कुणबी आणि मराठा मुंबईच्या गिरणीत गेले, आपले लोक जहाजांवर खलाशी झाले, आफ्रिकेला गेले. केप टाऊनमध्ये कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या आहेत. गावाकडे मनीऑर्डर यायची आणि पोस्टमन हा गावातला सगळ्यात लाडका सरकारी माणूस असायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, तेव्हा शेजारच्या वाड्यांमध्ये खरी उपासमार झाली. आपल्याला तो धक्का तेवढा बसला नाही, कारण १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनंतर आखाताचं दार उघडलं होतं. माझे अब्बा जुबैलला, मधले चाचा कुवेतला, धाकटे चाचा जहाजावर. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि लाखाहून जास्त हिंदुस्थानी विमानांनी परत आले. त्यात चाचाही होते, एका पिशवीनिशी. गाव वर्षभर हादरलेलं होतं असं दादीच्या वयाच्या बायका सांगतात. मग युद्ध संपलं, चाचा पुन्हा गेले, आणि आपण काही शिकलो नाही.

शिकलो नाही म्हणजे काय? तीस-चाळीस वर्षं बाहेरून पैसा आला आणि त्याची घरं झाली. दोन मजली, खांबांची, समोर जाळीचा गेट, आत शिसवी सोफा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. वर्षातून पंधरा दिवस उघडणारी. आमच्या मोहल्ल्यात मी यंदा कुलपंही मोजली; निम्म्याहून जास्त घरांना होती. घरपट्टी थकलेली, विजेचं किमान बिल चालू. पैसा आला, खर्च झाला, पण त्यातून गावात एकही असं काम उभं राहिलं नाही ज्यावर गावातला पोरगा पगार घेईल. बर्फाचा कारखाना नाही, काजू फोडायचं युनिट नाही, शीतगृह नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडचा आंबा अजूनही मोहोर दिसला की उचल घेऊन दलालाला दिला जातो, आणि वाशीत त्याचा काय भाव झाला ते आपल्याला तोच सांगतो.

२०१७ च्या जुलैपासून सौदीने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली, दरवर्षी शंभराने वाढवत २०२० पर्यंत ती ४०० केली. बायको आणि तीन मुलं असतील तर महिन्याला १६०० रियाल फक्त राहण्याचे. कुटुंबं परत आली. ती गावात आली का? नाही, मुंब्र्यात आली, मीरा रोडला आली, काही पुण्यात कोंढव्याला. गावात शाळा कशी, दवाखाना कुठे, नेट चालतं का, हे प्रश्न रास्त आहेत. पण शाळा आणि दवाखान्याबद्दल जिथे विचारायचं ती जागा आपण आधीच सोडून दिली होती. उर्दू शाळेचा पट वीसच्या खाली गेला की ती बंद होणार का, याची चर्चा सुरू होते, तेव्हा आपण ग्रुपवर हळहळतो. पट आपणच कमी केला.

मी स्वतःला यातून वगळत नाही. मी दोन वर्षं घरून काम केलं, लॅपटॉप एवढाच माझा कारखाना, आणि त्या दोन वर्षांत मी गावात सलग दहा दिवससुद्धा राहिलो नाही. कारण सांगितलं ते नेटचं. खरं कारण हे की गावात मला काही करायचं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. गाव म्हणजे ईद, आंबे आणि मयत.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो ती सांगतो.

माझी फुफी, अब्बांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, आमच्या जुन्या घरात एकटी राहते. नवरा लवकर गेला, मूल नाही. तीन भावांची मुलं जगभर, घर आणि खाडीकाठची ४२ गुंठ्यांची वाडी ती सांभाळते. नारळ, सुपारी, चार कलमं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा ती माजघरात पाटाखाली बसून होती. वरची कौलं उडत होती आणि वाडीत सुपाऱ्या काडीसारख्या मोडत होत्या, असं ती सांगते. त्या एका दुपारी श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत हजारो घरांची वाडी आडवी झाली. सुपारी लावली की फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरी रक्कम. पण हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. कोकणात वाड्या हेक्टरात नसतात हो. आमच्या ४२ गुंठ्यांचे एकवीस हजार होत होते, त्यात पडलेली झाडं उचलायची मजुरीसुद्धा निघाली नसती.

तेही आले नाहीत. मदत सातबाऱ्यावरच्या नावाने मिळते, आणि सामायिक सातबारा असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती लागते. सातबाऱ्यावर तीन नावं, अब्बा आणि दोन चाचा. त्यातले एक वारलेले, त्यांची वारसनोंद झालेली नाही. एक कुवेतमध्ये, विमानं बंद. आणि जिने वाडी शिंपली, राखली, जिच्या डोक्यावर वादळ गेलं, तिचं नाव त्यावर नव्हतंच. तलाठ्यांचा नाइलाज होता. मी तेव्हा पुण्याहून फोनवर "बघतो, करतो" म्हणालो आणि विसरलो.

नाव का नव्हतं? दादा १९८८ साली वारले. दादी त्यांच्या आधीच गेली होती. तीन मुलगे, एक मुलगी. आपल्या फराइजच्या हिशेबाने मुलाचे दोन, मुलीचा एक. दोन अधिक दोन अधिक दोन अधिक एक, सात वाटे. फुफीचा सातवा हिस्सा, म्हणजे ४२ गुंठ्यांतले सहा. हा हिशेब मदरशातल्या पोराला येतो. पण वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यासमोर तिचा जबाब झाला की मला काही नको, अंगठा घेतला, आणि फेरफार फक्त तीन भावांच्या नावाने झाला. तिला कुणी जबरदस्ती केली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. मशिदीत मिम्बरवरून वारसाच्या आयती ऐकणारे हेच आमचे वडीलधारे, आणि शेजारच्या हिंदू वाडीतही बहिणींकडून हक्कसोड घेण्याची हीच रीत. या एका बाबतीत सगळ्या जमाती एक आहेत.

यंदा दलालाचा फोन आला. रेवस-रेडी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतंय, खाड्यांवर पूल होणार आहेत, आणि किनाऱ्यावरच्या जमिनीचा भाव आता गुंठ्यांत बोलला जातो. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने या रस्त्यालगत १३ विकास केंद्रं जाहीर केली आणि त्यातल्या शंभराहून जास्त गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. साध्या भाषेत, त्या गावांत कुठे काय बांधायचं याची परवानगी आता महामंडळाकडून येणार. आमचं गाव त्या यादीत नाही, पण दलालाला यादीची गरज नसते. त्याने आधी कुवेतला फोन केला, मग मुंब्र्याला, मग मला. चुलत भावांनी वकिलातीतून मुखत्यारपत्र करायची तयारी केली. वकिलाने सांगितलं, पुढे झंझट नको म्हणून फुफीकडून एक नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेऊन ठेवा. तो कागद टाइप होऊन गावात पोचला. फुफीने तो मला दाखवला आणि विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला ना, ह्यात काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की ती प्रेमापोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय, कायमचा हक्क सोडत आहे.

मग मी जरा वाचलं, एका वकील मित्राला विचारलं. फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, तिच्यामुळे मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे. स्थावर मालमत्तेचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, तलाठ्यासमोरचा अंगठा पुरत नाही. म्हणून तर आता हा कागद हवा आहे. म्हणजे १९८८ पासून आजपर्यंत त्या सहा गुंठ्यांची मालक फुफीच होती, आणि आम्ही सगळे तिला घरात "राहू देत" होतो. हे कळलं तेव्हा मला अजून एक गोष्ट आठवली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी अब्बांनी माळावरचा एक तुकडा विकून भरली होती. त्या तुकड्यातही सातवा हिस्सा होता. माझ्या डिग्रीवर फुफीचं देणं आहे, आणि ती मला दर वर्षी आमसुलं आणि फणसाची साठं पाठवते.

जमीन विकूच नये असं मी म्हणत नाही. विकणाऱ्याला गरज असते, कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं ऑपरेशन. पण किनाऱ्यावरचा माणूस एकदा सातबाऱ्यावरून उतरला की तो पुन्हा चढत नाही. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. शेवटचा तुकडा विकणाऱ्याची मुलं उद्या आपल्याच गावात शेतजमीन घेऊ शकणार नाहीत. शिवाय जो घेतो त्याचं नाव लागतं, त्याचा रिसॉर्ट होतो, त्याची विहीर खोल जाते, आणि आपल्या मोहल्ल्याची विहीर आधीच मचूळ आहे.

मोठा प्रकल्प येईल आणि सगळं सुटेल, ही आशा या जिल्ह्याने एकदा करून पाहिली आहे. दाभोळ प्रकल्प म्हणतात तो प्रत्यक्षात खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली. त्याआधी १९९७ साली वेलदूरच्या कोळी बायकांनी त्याला विरोध करताना लाठ्या खाल्ल्या. पुढे कंपनी बदलली, नाव बदललं. पण जिल्ह्याची माणसं बाहेर जायची थांबली नाहीत, वरचे आकडे त्याच दशकाचे आहेत.

याउलट आमच्याच तालुक्यात वेळास आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे गावकऱ्यांनी कासव महोत्सव सुरू केला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचंच जेवतात, पैसा चुलीपाशी येतो. मोठी रक्कम नाही, हंगाम थोड्या आठवड्यांचा. पण हे गावाने स्वतः ठरवलं, आणि ठरवायला माणसं गावात होती. मी तिथे दोनदा राहिलो. आपल्या मोहल्ल्यांतली ती कुलुपबंद घरं पाहताना मला प्रत्येक वेळी वेळासचे पत्र्याखाली वाढलेले मोदक आठवतात. खोल्या आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहेत.

मासेमारीबद्दल थोडं लिहायला हवं, जरी मी त्यातला नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी, मग पारंपरिक होड्या आणि पर्ससीन यांचा झगडा, २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा, आणि तरी बाहेरच्या राज्यांच्या बोटी. मिरकरवाडा, राजिवडा, कर्ल्यातले दालदी हे आपलेच भाऊ, पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी. पण आमच्या घरांत सोयरीक जुळवताना "दालदी" हा शब्द कसा उच्चारला जातो ते आपल्याला माहीत आहे. आपल्या काही घराण्यांना खोतीची ऐट अजून सोडवत नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. ती जावी म्हणून १९३७ साली विधिमंडळात विधेयक मांडणारे डॉ. आंबेडकर मूळ आमच्याच तालुक्यातल्या आंबडव्याचे. मुसलमान खोतही होते आणि त्यांची कुळं कुणबी होती. आज माझ्या गावची सरपंच कुणबी समाजातली बाई आहे. तिच्या घरच्यांनी १९९० नंतरच्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेत वरकस जमिनीवर काजू लावला. आज तो काजू तिच्या मुलांची फी भरतो. आमची वरकस तशीच पडून राहिली, कारण सामायिक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या गोळा करणं आमच्या घरात कुणाला जमलं नाही. योजना दोघांसाठी एकच होती.

त्या तहकूब सभेत सरपंचबाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "फुफीला घेऊन या ना पुढच्या वेळी. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, मोहल्ल्यातल्या कुणीच येत नाहीत. मी एकटी किती विचारू?" मला लाज वाटली. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. त्याबद्दल मी फेसबुकवर लोकशाहीच्या नावाने दोन लांब पोस्ट लिहिल्या होत्या. ग्रामपंचायत मात्र चालू होती आणि तिथे मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

तर मी काय करतोय ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. ज्याला पटेल त्याने आपल्या गावी करून बघावं. महाभूलेखवर बसून आमच्या मोहल्ल्यातल्या चाळीस घरांचे सातबारे काढले. किती नावं मयतांची आहेत आणि किती बहिणी गायब आहेत, याची एक साधी यादी केली. वारसनोंदीचा अर्ज आता ई-हक्कवरून करता येतो. कुवेतमधला भाऊ कागद स्कॅन करून पाठवू शकतो, त्याला विमानाचं तिकीट लागत नाही. पाच घरांनी अर्ज केले, त्यातल्या दोघांनी बहिणींची नावं घातली, एकाने मला ब्लॉक केलं. जमातीच्या ग्रुपवर मी मांडलं की पुढच्या वेळी एसीऐवजी बंद घरांपैकी दोन घरं पाहुण्यांसाठी नीट करू, चालवायला मोहल्ल्यातल्या बायकांचा बचत गट. तीन दिवस कुणी बोललं नाही. मग केप टाऊनच्या एका बुजुर्गांनी लिहिलं की घरात परके लोक आणि बायका, हे बरं दिसणार नाही. त्यावर अजून भांडण चालू आहे, पण निदान गावाबद्दल चालू आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मंडणगडात न्यायालयाची नवी इमारत सुरू झाली, सरन्यायाधीश गवई स्वतः आले होते. जमिनीचे दावे आता तिथे लागतील. आमचा लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

चुलत भावांना मी सांगितलं की विकायचं तर सात वाटे करा, सातवा तिचा, तिच्या खात्यात. मुंब्र्याचा तयार आहे. कुवेतचा म्हणतो, तिला पैशाची काय गरज, आपण बघतोच ना तिला. माझ्या अब्बांनी दोन आठवडे माझ्याशी नीट बोलणं केलं नाही. मग एकदा रात्री फोनवर म्हणाले, "तेव्हा सगळे असंच करायचे." मी काही बोललो नाही. फोन बराच वेळ चालू होता.

फुफीलाही हे सोपं नाही. तिला मी सातव्या हिश्शाचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तिने तो घडी करून हक्कसोडपत्रासोबत तांदळाच्या डब्याखाली ठेवला. म्हणाली, "सही करणार नाही आणि मागणारही नाही. भावांची पोरं आहेत, माहेर तुटेल." मग थोड्या वेळाने विहिरीचा विषय निघाला. तिला गाळ कुठल्या बाजूने साठतो, कोणत्या साली शेवटचा काढला, किती माणसं लागली होती, सगळं पाठ होतं. मी म्हटलं, हे १४ ऑगस्टच्या महिला सभेत सांगशील? ती हसली. "येईन," म्हणाली, "पण मी विहिरीचं बोलेन. जमिनीचं तू बोल, आणि आधी घरात बोल." मी १३ तारखेपासून रजा टाकली आहे.